पोटखराबा

जुना मोजणी-नकाशा फरशीवर पसरलाय,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या.
पायवाटेवरून ओला दोरा सरकवत नेते:
चोपडा सुटलं की सपाट रान, मग माळ,
पुन्हा रान, थेट अनेरच्या काठापर्यंत.
दोरा पट्टीवर ताणला. एकोणचाळीस किलोमीटर.

कलिंदा म्हणते, एका दिवसात?
गुडघ्याला विचारलंस का?

पहाटे चारला निघायचं.
कळण्याच्या भाकरी सहा, लसणाची चटणी,
पाणी प्रत्येकी चार लिटर.
माळावर विहीर दाखवलीय,
पण नकाशा एकोणीसशे तीसचा.

गुमान पावराला फोन लावला.
तो किलोमीटर मोजत नाही.
म्हणाला, सावली पायाखाली येईस्तोवर
अंजनाची झाडं लागली पाहिजेत.
नाही लागली, तर मागं फिरा.
आणि विहीर?
हसला. आहे ना. पाणी नाही.

तीस वर्षं कचेरीत बसून
हेच गट नंबर लिहिले मी,
पुढे शेरा, पोटखराबा,
आणि पान उलटलं.

दिव्याखाली तो माळ वीतभर.
चप्पल काढून उगाच पाऊल ठेवून बघते,
टाचेखाली अख्खा मावतो.

अगं, फाटेल, कलिंदा ओरडते,
आणि स्वतःच वाकून
दोऱ्याचं दुसरं टोक धरते.