मुरूम

पूर्णा जंक्शनच्या लोको मैदानावर गवत नव्हतं.
मुरूम होता, आणि वाफेची इंजिनं गेल्यावर
मागं उरलेली कोळशाची चुरी.
तिथं गोलकीपर पडत नाही.
पडली तर कोपराचं साल जातं,
आठ दिवस शाळेच्या ड्रेसची बाही जखमेला चिकटते,
आई ती कोमट पाण्यानं सोडवते आणि एक शब्द बोलत नाही.
म्हणून मी उभं राहायला शिकले.
समोरचा पोरगा पाय कुठं टेकवतो,
खांदा कुठं वळवतो ते बघायचं
आणि एक पाऊल आधीच सरकायचं.
चेंडू येईल तेव्हा आपण तिथं असायचं,
बस.

येसुदास फिटरनं शिकवलं हे. माणूस सिकंदराबादचा,
बारा वर्षं पूर्णेत काढून मराठीत
फक्त आकडे आणि शिव्या शिकलेला.
त्याची सगळी फुटबॉल विद्या तेवढ्यातच बसायची.

परभणीला जिल्ह्याची मॅच, भिंतीवर माणसं बसलेली.
एक गोल खाल्ला तर भिंत बोलली:
गँगमनच्या पोरीनं सोडला!
माझं नाव कुणी घेतलं नाही.
गोल माझा नव्हताच, बापाचा होता,
रेल्वे क्वार्टरचा होता, आमच्या अख्ख्या गल्लीचा होता.
रात्री बाप जेवला नाही. म्हणाला, पोट भरलंय.

मग कार्शी. उझबेकिस्तान.
पाठीवर एकवीस नंबर, खाली गवत,
इतकं मऊ की अंगाला खरं वाटेना.
ट्रेनर ओरडायचा, पड! पड!
मी उभीच.
चौथ्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत दार लावून
गादी खाली ओढली आणि एकटीच पडत राहिले,
डावीकडं वीस वेळा, उजवीकडं वीस वेळा.
खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली,
हातात रोटी आणि तापावरची गोळी.

तिथं साठ माणसं यायची मॅचला.
गोल खाल्ला तर साठ माणसं हळहळायची आणि घरी जायची.
गोल म्हणजे नुसता गोल.
मी जेवायचे. झोपही लागायची.
त्या झोपेची मला लाज वाटायची, हे कुणाला सांगू?

बापानं फोनवर दोन वर्षांत एकच विचारलं,
तिथं लाइन मीटर का ब्रॉड?
मी स्टेशनात जाऊन रुळांवर वाकून मोजून आले.
ब्रॉडपेक्षा आठ बोटं कमी.
हां, म्हणाला. बराच वेळ फोन धरून होता.

ऑक्टोबरात बाहेरच्या मॅचला चाललो होतो.
बसच्या काचेतून मैलभर पांढरं.
मी बोलून गेले, पऱ्हाटी!
शेजारी दिलनोझानं एक डोळा उघडला,
पाख्ता, म्हणाली, आणि परत झोपली.
माझ्या बचावातल्या चौघी मराठीचा एकच शब्द शिकल्या.
हवेतल्या चेंडूवर मी 'माझा!' ओरडले
की चौघी बाजूला.
मी त्यांचा शिकले, मेनीकी.
अर्थ तोच.

आता अठरा दिवसांची सुट्टी.
तीन महिन्यांचा पगार अजून यायचाय, तो वेगळा विषय.
अर्ध्या लोको मैदानाला तारेचं कुंपण,
उरलेल्या अर्ध्यात पोरं.
एक खांब सिग्नलच्या पाइपचा, दुसरा खांब चप्पल.
ताई, गोलात थांब, म्हणाली.
मुनीरच्या धाकट्यानं उजवीकडं खालून मारला,
एका पावलाचं काम होतं.
मी ओरडले, मेनीकी!
पोरं बघतच राहिली.
आणि मी पडले, पूर्ण लांब,
गवतावर पडावं तशी.
चेंडू बोटांखालून गेला.

ताई, पडलीस कामून?
सवय, म्हणाले.
इथं नको पडू. मुरूम हाय.

चेंडू रुळापलीकडं गेलेला.
मालगाडी जाईपर्यंत खेळ बंद.
मी उभी राहून डबे मोजले,
बाही खाली ओढली.