हलू नका

दुकानात दिवसभर मी हेच सांगतो.
हनुवटी जरा खाली. कान दिसू द्या. हलू नका.
आधारसाठी, दहावीच्या फॉर्मसाठी, स्थळांना पाठवायला,
निळ्या पडद्यापुढे वरणगावची माणसं
श्वास धरून बसतात.

रविवारी पहाटे हतनूरच्या काठावर
माझं कुणी ऐकत नाही.

पहिल्या वर्षी माझ्याकडे नुसत्या शेपट्या होत्या.
रिकाम्या फांद्या, नुकत्याच हललेल्या.
एका फोटोत पाण्यावर फक्त वर्तुळं.
ती टिबुकली आहे, मी बायकोला म्हणालो.
ती म्हणाली, असेल.

मग सुपडू भोई भेटला.
ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी काढायचा.
लांबून माझी धावपळ बघत होता म्हणे महिनाभर.
"तू पाखरामांगे पयतो, भाऊ. एका जागी बस.
पाखरू सोताहून येते. त्याले कायची घाई?"

बसलो.
कार्तिकात चक्रवाक आले, जोडीजोडीने, कुरकुरत.
धुक्यात दीपनगरचा धूर मिसळायचा,
आणि थापट्या आपली रुंद चोच
परातीत हात फिरवावा तशी पाण्यावर फिरवायचे.
दादरच्या शेतावर भोरड्यांचा थवा वळला
तेव्हा मी बटण दाबायचंच विसरलो.
तो फोटो माझ्याकडे नाही. तोच सगळ्यात चांगला होता.

श्रावणात विहिरीवरच्या बाभळीत सुगरणीचे नर
अर्धी घरटी विणून पंख फडफडवतात.
मादी येते, आत डोकावते, निघून जाते.
ही स्थळं मला दुकानातून ओळखीची.

आणि वैशाख.
कॅमेऱ्याचं काळं अंग हाताला चटका देतं.
वाळूच्या बेटावर नदीसुरयची तीन अंडी,
मी पालथा, दोन तास, ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडतेय,
मला वाटलं, काय सुंदर उडते.
सुपडूने टॉवेल पाण्यात बुडवून माझ्या मानेवर टाकला.
"ऊठ आता. तू हाये तवरीक ती बसत नाही.
अंडे शिजतीन."

उठलो. त्या दिवशीचे फोटो
मी कुणाला दाखवत नाही.

गेल्या माघात सुपडू गेला. तीन दिवसांचा ताप.
गोकुळ दुकानात आला, चप्पल बाहेर काढून.
"बापाचा फोटो पाह्यजे. आधारवरचा ओयखू येत नाही.
तुमच्याजोय तं भरपूर असतीन."

हार्ड डिस्कमध्ये एकोणीस हजार फोटो.
चक्रवाक. शेकाट्या. तुतवार, ओळख पटलेले. तुतवार, न पटलेले.
सुपडू नावाचं फोल्डर नाही.
सात वर्षं तो माझ्या डाव्या हाताला होता,
लेन्स कायम उजवीकडे.

रात्री दोनला सापडला.
शेकाट्या, एक गुलाबी पाय वर उचललेला,
डोळा इतका स्वच्छ की त्यात आभाळ दिसतं,
आणि मागे, पाणी जिथे विरघळतं तिथे,
एक तांबूस डाग. ट्यूब. वर केलेला हात.
मला हाक मारत असेल. किंवा माशी हाकलत.

मी पक्षी कापला.
राहिलं ते मोठं केलं तसं आणखी धूसर झालं.
पैसे घेतले नाहीत.
गोकुळ बराच वेळ बघत राहिला.
मी म्हणणार होतो, फोकस जरा मागे...
"हाच," तो म्हणाला. "आसाच बसे."

काल पुन्हा गेलो.
कवड्या खंड्या हवेत एका ठिकाणी टांगलेला,
पंख फडफडतायत, मान जागची हलत नाही.
इतकं थांबलेलं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं.
त्याच्या मागे गोकुळ, बापाच्याच ट्यूबवर.

मी फोकस मागे नेला.
खंड्याचा पांढरा-काळा धूर झाला आणि पाण्यात पडला.

गोकुळला कळलं.
त्याने लगेच केसांवरून हात फिरवला,
ताठ झाला, श्वास धरला.

राहू दे रे, मी ओरडलो.
जाळं ओढ.