रकाना क्रमांक सात

रेशीमबाग मैदान, मे, संध्याकाळचे सहा.
सिमेंटच्या पट्टीवरून दुपार अजून उठली नव्हती.
राष्ट्रगीताआधी पोरींनी बूट काढले,
देवळाबाहेर काढतात तसे,
आणि ओळीत उभ्या राहिल्या. अनवाणी.

लीगचा नियम साधा आहे:
पूर्ण गणवेश, पादत्राणांसह;
नाहीतर प्रत्येकी पाच हजार.
मी निरीक्षक. फॉर्म माझ्याकडे.
रकाना सात : गैरवर्तनाचे स्वरूप.

माना ताठ होत्या. हात अंगाला.
एकही शब्द चुकला नाही.
फक्त टोकाची मेश्राम
तळवे आळीपाळीने जरासे उचलत होती,
बावन्न सेकंद.

"उभ्या तर होतो ना सर आमी, मंग?"
कर्णधार म्हणाली. मी पेनाचं टोपण शोधत राहिलो.

गेल्या मंगळवारी फाटक्या मॅटमध्ये
हर्षाली डोंगरवारचा गुडघा गेला.
तेव्हाही फॉर्म मीच भरला होता :
वैयक्तिक दुखापत, खर्च लागू नाही.

लिहिलं शेवटी. सात खेळाडू, पस्तीस हजार.
मैदान रिकामं झाल्यावर मोजलं तर
एक जोडी तिथेच राहिलेली, आठवी.
डाव्या बुटाची नाडी
कात्रीने कापलेली.

पिशवीत घालून घरी आणली आहे.
बायको विचारते, कुणाचे?