घामाचा नकाशा

एप्रिलची दुपार. त्र्यंबक रोडवरचा दवाखाना.
पंखा मुद्दाम बंद केला
आणि माझ्या उघड्या पाठीवर त्या शिकाऊ मुलीनं
आयोडीन फासलं, वाळू दिलं,
वरून मक्याचं पीठ, एरंडेलात कालवून.
"बसा मावशी. घाम येऊ द्या."
घाम येऊ द्या म्हणणारं
आयुष्यात पहिल्यांदाच कुणी भेटलं.

बाहेर बाकावर निनाद.
सहा वर्षांचा. दात चार, तेही टोकदार,
केस भुरभुरे, मक्याच्या कणसाला असतात तसे.
त्याला घाम येत नाही.
शाळेत निघताना त्याचा सदरा मी नळाखाली धरते,
सातपूरच्या स्टॉपपर्यंत तो वाळतो,
तिथं पुन्हा बाटली.
"पोराला ओलं का पाठवता हो?"
आता सांगत नाही कुणाला. सदरा दुहेरी शिवलाय,
पाणी जास्त वेळ राहतं.

वीस मिनिटांनी ती मुलगी म्हणाली, "आलं."
फोटो दाखवला मोबाइलवर.
घामाच्या जागी निळं-काळं टिपूर,
नाही तिथं कोरडं पिवळं.
अठरा वर्षं ब्लाउज शिवतेय मी कामगार नगरात,
मणक्यावर उतरलेला व्ही लगेच ओळखला.
फक्त कात्री माझी नव्हती.
आणि कुशीकडे वळत गेलेले ते पट्टे,
ओढ्यानं वाळूत काढावेत तसे!
म्हणजे म्हणूनच
माझ्या ब्लाउजांची डावी काख आधी विटते
आणि उजवी नवीच राहते.
मी आपली रंगाऱ्याला बोल लावायचे.

मुतालिक बाईंनी कागदावर दोन एक्स काढले.
एक आईकडचा, एक वडलांकडचा.
पेशीपेशीत दोन्ही, पण बोलतो एकच.
दुसरा अंग चोरून
काठाला बसून राहतो, जन्मभर.
कोण गप्प बसणार, कुणी ठरवलं?
कुणीच नाही, म्हणाल्या.
तुम्ही मोहरीएवढ्याही नव्हतात,
तुमच्या आईला पाळी चुकल्याचंही कळायचं होतं,
तेव्हा एकेकीनं आपापलं ठरवून टाकलं,
मग तिच्या लेकींनी, लेकींच्या लेकींनी तेच पाळलं.
"गोधडीसारखं समजा."
मान हलवली मी.
पण गोधडीत तुकडे मी निवडते, बाई.

ही निळी पट्टी अण्णांची.
मनमाडच्या वर्कशॉपात लोखंड तासायचे,
शर्ट कायम पाठीला चिकटलेला.
हे पिवळं आईकडचं.
आईचा भाऊ, पाच वर्षांचा,
नांदगावला मे महिन्यात, लग्नाच्या मांडवात गेला.
ऊन लागलं म्हणाले.
दात उशिरा येतायत, असंही म्हणायचे त्याआधी.
आई त्याचं नाव घेत नाही.
तिच्या पाठीचा फोटो कुणी काढलाच नाही.

सासूबाई म्हणतात, तुमच्याकडून आलं.
आलं. नाही कुठं म्हणते मी.
पण पेनाला टोपण लावता लावता
बाईंनी आणखी एक सांगितलं, आणि ते मी
बसमध्ये, मायको सर्कलपासून घरापर्यंत
तोंडातल्या तोंडात घोळवत आले:
अंगभर गप्प बसवलेला तो एक्स
बाईच्या बीजात मात्र जागा होतो.
तिथं दोघंही बोलतात.
मग त्यातला एकच पुढं जातो, कुठला ते
पुन्हा कुणीच ठरवत नाही.

निनादला गेला तो
मांडवातून उठून आलेला.

रात्री लाइट गेली. कूलर थांबला.
निनादनं सदरा भिजवून मागितला, मग मोबाइल.
"ह्यात मी कुठंय?"
पिवळ्यावर बोट ठेवलं मी.
तो मागं गेला, टॉर्च मारून
माझ्या पाठीवर ती जागा शोधत राहिला,
आयोडीन अजून पुरतं निघालं नव्हतं.
सापडल्यावर काही बोलला नाही.
ओल्या सदऱ्यानिशी टेकला तिथंच.

कोरड्या जागेला गार लागलं.