फीचा रकाना

रीगाच्या बंदरात, माल मोजायच्या खोलीत
रात्रपाळीला झिंत्रा तक्ता आखते :
फी, तास, मुदत.

पहिलं प्रमाणपत्र स्वस्त.
चारातला एक पर्याय निवडा, झालं.
विल्निस म्हणतो, तो नुसता उंबरठा.
दुसरं चोवीस तास बसवून ठेवतं :
हे घे परकं यंत्र, शीर आत,
मग कशी शिरलीस ते लिहून दे.
तिसरं आधी पाच वर्षांचा अनुभव मागतं,
आणि अनुभव देणारे
आधी तिसरं मागतात.

फीच्या रकान्यात ती युरो लिहीत नाही.
लिहिते : घराची हीटिंग, जानेवारी ते मार्च.

बाप तिचा कुलपं दुरुस्त करायचा.
दुकानाच्या भिंतीवर एक कागद नव्हता;
लोक त्याच्याकडे किल्ल्या टाकून
खुशाल गावाला जायचे.

आज सकाळी दवाखान्यात
खिडकीमागच्या बाईच्या पडद्यावर
पिवळी चिठ्ठी : मांजराचं नाव, पुढे जन्मसाल.
झिंत्रा वाकून हळूच म्हणाली, पासवर्ड आहे ना, काढा तो.
बाई ओशाळली,
आणि चिठ्ठी उलटी करून
तिथंच चिकटवली.

याचे गुण कोण देतं?

क्रेनचा भोंगा होतो. कंटेनर आलाय.
पट्टी कागदावर तशीच ठेवून
ती हातमोजे शोधते.