बिनकार्ड

बावीस वर्षं विक्रोळीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं.
प्रत्येक खणाला पुठ्ठ्याचं एक बिनकार्ड:
मालाचं नाव, माप, आवक, जावक, शिल्लक.
नवी पोरं विचारायची, बिनकार्ड म्हणजे कार्डाविना का हो?
आम्ही हसायचो.
आता डोक्यात माल सगळा जागच्या जागी आहे.
स्कूटरवरून पडलो तेव्हा फक्त कार्डं उडाली.

परळला, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर,
मिस डिमेलो ट्रे पुढे सरकवतात.
"तावडे, घाई नको. दिसतंय ते सांगा."
दिसतंय सगळंच. डोळ्यांत खोट नाही,
डोळ्यांच्या डॉक्टरने तसं लिहूनच दिलंय.
सांगतो: लांबट. एका टोकाला खोलगट.
चकाकतंय. खोलगटात खिडकी उलटी पडलीय.
"मग काय आहे हे?"
आरसा असेल, म्हणतो. लहान मुलांचा.
त्या हातात देतात.
अंगठा लागतो न लागतो तोच, चमचा!
नाव कुठून तरी धापा टाकत येतं,
भोंगा झाल्यावर गेटात शिरणाऱ्या कामगारासारखं.

घरी कुंदाने टूथपेस्टला लाल चिकटपट्टी लावली,
कारण मी दोनदा मलमाने दात घासले.
किल्ल्या एकाच खिळ्याला. मीठ निळ्या बरणीत.
जागा बदलली की वस्तू माझ्यापुरती मेली,
म्हणून पाहुणे आले की कुंदा आधी त्यांना दम देते,
मग पाणी.

आणि कुंदा?
कपाळ दिसतं, टिकली दिसते, नाक दिसतं,
बेरीज होत नाही.
"एक काहीतरी खूण धरा," मिस डिमेलो म्हणाल्या.
धरली: हिरव्या बांगड्या.
मंगळवारी केसपेपरच्या रांगेतून
हिरव्या बांगड्यांमागे निघालो, तो थेट
बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारापर्यंत.
वॉचमन काय बोलला ते इथे लिहीत नाही.
कुंदा हसली. घरी येईपर्यंत हसतच होती.
भाजी चिरताना गप्प झाली.

पुढच्या खेपेला तिने ट्रेमध्ये
हळूच एक वस्तू ठेवली, माझ्या जुन्या डब्यातली.
मी वाकलो. हात मांड्यांखाली, तसा नियमच आहे.
दोन कान. मधे भोक. भोकात आटे.
"विंगनट," म्हणालो. "पाव इंची. पितळी."
मिस डिमेलोंनी कुंदाकडे पाहिलं, बरोबर का?
त्यांना कुठे ठाऊक.
कुंदाने मान हलवली.
"याला बरं ओळखलंत," एवढंच म्हणाली.

आता तो नट तिच्या पर्सच्या चेनला लटकतो.
रस्त्यात मी बायकांच्या चेहऱ्यांकडे बघतच नाही,
पर्सांकडे बघतो.
पाकीटमार समजले तर समजोत.
काल कन्नमवार नगरच्या बसस्टॉपवर
पलीकडच्या फुटपाथवर पितळ चमकलं.
कुणाचा तरी हात, टवके उडालेलं नेलपॉलिश,
ती चेन उगाच हलवत होता,
मला दिसावी म्हणून.
रस्ता ओलांडला. वर पाहिलं.
कपाळ, टिकली, नाक.
"दोन बसा गेल्या," कुंदा म्हणाली.