शेजारचं घर

मिस ट्रेगियर रविवारी रात्री
एकच गणित चार मापांत बेतते.
पहिल्या कागदावर चित्रं: सात टोपल्या,
टोपलीत आठ-आठ बांगडे, डोळ्यांसकट.
दुसऱ्यावर टोपल्या रिकाम्या,
बांगडे ज्याचे त्याने काढायचे.
तिसऱ्यावर नुसता गुणाकार, उघडाबोडका.
आणि चौथ्यावर: बांगडे छप्पन्न,
सगळ्या टोपल्यांत सारखेच भरायचे,
तर टोपल्या किती असू शकतील?
सगळी उत्तरं लिहा. कशावरून, तेही लिहा.

गटांना तिने पक्ष्यांची नावं दिली,
कोण कुठे ते कुणाला कळू नये म्हणून.
कुरव, पाणकावळे, गॅनेट, पफिन.
मंगळवारी डबा खाताना पास्को म्हणाला,
"कुरव म्हणजे चित्रंवाले,"
आणि सँडविचची कड सोलत बसला.

मी या वर्गातली मदतनीस.
पेन्सिलींना टोकं काढते, नाकं पुसते,
न्यूलिनच्या बंदरावरून वारा घुसला
की उडालेले कागद खिडकीशी पकडते.
माझ्या शाळेत साठ पोरांना एक फळा होता
आणि फळ्यावर एक गणित.
ज्याला आलं त्याला आलं.
बाकीच्यांचं अक्षर सुधारलं.

बुधवारी लोवेना,
पहिल्या दिवसापासून पफिन,
कुरवांच्या ट्रेमधला कागद उचलून आली.
"आज मला बांगडे मोजायचेत."
मिसने कारण विचारलं नाही.
मला विचारायचं होतं.

ती पास्कोच्या बाकावर बसली
आणि एकेका बांगड्यावर बोट ठेवत गेली,
शेपटीकडून डोक्याकडे,
सावकाश,
उत्तर ठाऊक नसल्यासारखी.
किंवा ठाऊक असलेलं अजून तिथेच आहे ना,
एवढंच बघत असेल.

पास्को मोजत नव्हता.
पेन्सिल चावत होता.
"सात अठ्ठे मला येत नाही," तो म्हणाला,
"पण त्याच्या शेजारचं घर माहितीये."
सात सत्ते तेवढं त्याला पाठ,
कारण आजोबांच्या बोटीवर
पांढऱ्या रंगात ४९ लिहिलेलं असतं
आणि ती बोट तो दर शनिवारी घासतो.
"तिथून सात पायऱ्या वर," म्हणत
तो बोटं उघडू लागला
आणि तिसऱ्या बोटाशी हरवला.

मी उगाच सांगून गेले,
सांगायचं काही कारण नव्हतं:
माझ्या भाषेत या आकड्याचं नावच आहे
'पन्नासाला एक कमी'.

तो माझ्याकडे बघत राहिला.
बाहेर गल पक्षी कशावरून तरी भांडत होते.
"म्हणजे सातातला एक त्याला दिला
की पन्नास.
माझ्याकडे उरले सहा."
मग, कुणीतरी ऐकेल म्हणून हळूच,
"छप्पन्न."

"कशावरून?" लोवेनाने विचारलं.
पफिनांच्या कागदावरचा प्रश्न होता तो.
त्याने सांगितलं.
"परत सांग."
त्याने परत सांगितलं, या वेळी मोठ्याने,
आणि पलीकडच्या बाकावरचा ओलेह,
ज्याला इथली भाषा अजून अर्धीच येते,
आकडे ऐकून मान हलवत होता.

एकोणपन्नास.
चाळीस वर्षं म्हणत आले हा शब्द.
त्याच्या पोटात एक वजाबाकी बसलीय
हे कधी थांबून ऐकलं नव्हतं.

मिस ट्रेगियर दारापाशी उभी होती,
हातात चार रंगांचे चार गठ्ठे.
तिने काही टिपून घेतलं असेल. मला दिसलं नाही.

गुरुवारी लोवेना परत पफिनांत गेली.
पास्कोने कागद घेतला तो चित्रांचाच.
नवी गणितं, नऊ टोपल्या, सहा-सहा बांगडे.
त्याने एकेक मोजून पंचावन्न लिहिले.
मी म्हटलं, एक जास्त झालाय बघ.

त्याने कोपऱ्यात मिशा काढल्या,
मिशांच्या मागे मांजर काढलं.
"तो हिचा," म्हणाला.